मामा नसलेला पिक्चर

आप्पांनी माझ्याशी पहिला शब्द बोलायच्या आधीच माझ्या शर्टावर फुली मारली. निळ्या खडूने, डाव्या खिशाच्या दोन बोटं खाली. सुरतेच्या उधन्यातल्या त्या कापड कारखान्यात माझा पहिला दिवस होता आणि शर्ट आईने खास त्या दिवसासाठी घेऊन दिला होता. मी खाली पाहिलं, मग वर पाहिलं. समोर चष्मा कपाळावर चढवलेला एक बुटका माणूस उभा होता.

"तार तुटेल शे," ते म्हणाले. "दुकानदारनी फसाडं तुले."

"नवा शे आप्पा," मी म्हणालो. सगळे त्यांना आप्पा म्हणताना ऐकलं होतं.

"नवाच तुटेल शे."

घरी जाऊन मी शर्ट उजेडात धरला. खरोखरच एक तार तुटलेली होती. माझ्या बापजन्मी मला ती दिसली नसती. त्या दिवसापासून मी आप्पांना घाबरायला लागलो आणि माझा त्यांच्यावर जीवही जडला. दोन्ही एकदमच झालं, त्यात पुढेमागे असं काही नव्हतं.

आमचं काम सोपं होतं. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे शंभरेक मीटर कापड, आमच्या टेबलावर यायचा. टेबलाला काच आणि काचेखाली ट्यूबलाइट. कापड त्यावरून ओढत न्यायचं आणि डाग, गाठ, तुटलेली तार दिसली की खडूने फुली मारायची. फुल्या थोड्या असल्या तर ताका पास, फार झाल्या तर रिजेक्ट. आप्पा हे सव्वीस वर्षं करत होते. माझं सहाव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं. त्यांचं कधीच दुखलं नाही, कारण त्यांनी डोळ्यांना सुट्टी अशी दिलीच नव्हती. कारखान्याबाहेर पडलं तरी त्यांच्या डोळ्यांखालची ट्यूबलाइट चालूच असायची.

न्हाव्याच्या आरशावर फुली, कारण आरशात डावा कान मोठा दिसतो. डॉक्टरने दिलेल्या चिठ्ठीवर फुली, कारण तारीख आदल्या दिवसाची. शेठने कारखान्यावर नवा बोर्ड लावला, तर आप्पा स्टुलावर चढून त्यावरही फुली मारून आले, कारण बोर्ड एका बाजूने अर्धा इंच खाली होता. शेठ भला माणूस. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आ माणस तो भगवानने पण रिजेक्ट करशे!"

"तो समोर येऊ द्या," आप्पा म्हणाले. "मंग देखसूत."

सुरतेत राहून लोचोला नावं ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "हाऊ बिघडेल ढोकळा शे," ते दर रविवारी सकाळी गाडीवर उभं राहून सांगायचे. "कोनंतरी ढोकळा बिघाडा, नी हाई लोक तो बिघाडच इकत लेतस." हे सांगत सांगत ते दोन प्लेट संपवायचे. तिसरीच्या वेळी मात्र गाडीवाल्याला म्हणायचे, "शेव जरा जास्ती टाक."

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी तिथेच होतो. मुलगी रिंग रोडच्या एका ऑफिसात साड्यांची डिझाइनं करायची, हुशार आणि तोंडाळ. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. कांदेपोहे आले, मुलाने प्लेट घेण्यासाठी हात पुढे केला आणि आप्पांचा खडू त्याच्या नव्या कुडत्याच्या बाहीवर. निळी फुली! मुलाची आई ताडकन उभी राहिली. मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"काठ वाकडा शे," आप्पा म्हणाले, आणि सगळे थिजलेले असताना त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. "पन पोऱ्या पास शे."

मुलगा हसला. मुलगी आतून हसली. लग्न तिथेच ठरलं. त्या मुलाने तो कुडता अजून धुतलेला नाही, असं मुलगी कौतुकाने सांगते. मला तरी ती कौतुकाची गोष्ट वाटत नाही.

तर असा हा माणूस. जगातल्या प्रत्येक गोष्टीची चूक याला दिसायची, आणि एका बाबतीत मात्र तो नऊ वर्षं आंधळा होता. तो विषय त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. विषय होता टॉवेल-टोपीचा.

आमच्या खान्देशातल्या लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात हे खरं, पण नुसतं देऊन भागत नाही. माईकवर नाव पुकारायचं असतं. "अमुक गावचे तमुक यांचा सत्कार," असं भोंग्यातून ऐकू आल्याशिवाय टॉवेल खांद्यावर पडला तरी तो नुसता अंग पुसायचा टॉवेल. आप्पांच्या मेव्हण्याच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, धाकट्या भावाच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आप्पा नवरीचे फुवा, आत्याचे यजमान. म्हणजे मान केवढा! त्या दिवशी सरपंचाचं नाव आलं, पोलीस पाटलाचं आलं, बँडवाल्याचं आलं, घोडेवाल्याचंसुद्धा आलं. आप्पांचं आलं नाही. आप्पा भरल्या पंगतीतून उठले आणि काकूंना घेऊन थेट सुरतेला आले. चार दिवसांनी मेव्हणा टॉवेल-टोपी घेऊन दारात आला, तर आप्पांनी आतूनच विचारलं, "माईक लयना का?" माईक आणला नव्हता. दार उघडलं नाही.

"मन्ही आंडेरना लगीनमा त्यानं नाव बी माईकवर येवाव नही," अशी शपथ त्यांनी घेतली होती. आता आंडेरचं, म्हणजे लेकीचं, लग्न दोन महिन्यांवर आलं आणि त्या शपथेला धार आली.

काकू फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या. नऊ वर्षांत त्यांनी भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि भाऊ कुठे लांब होता? चलथाणला, साखर कारखान्यात. रिक्षा दोनदा बदलली की भावाचं दार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मामा नही तं आंडेरना मांगे कोन उभं ऱ्हाई?" मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर कापड ओढता ओढता माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"तू उभा ऱ्हाय," ते म्हणाले. "उंची बराबर शे."

मला मामा नेमण्यात आलं. मुलगी मला दादा म्हणायची. तिने हे ऐकलं तेव्हा ती घर डोक्यावर घेऊन ओरडली, "पप्पा, ये तो दादा है! दादा मामा कैसे बनेगा?" मग मराठीत आली आणि म्हणाली, "मला माझा मामा पाहिजे. मी दुसऱ्या कुणाला पाठीशी उभं राहू देणार नाही." त्यानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं. घरात तीन माणसं आणि त्यांतल्या दोघांत अबोला. मधल्या मध्ये मी, नवा कोरा मामा. मला रात्री झोप लागेना.

आप्पांचं मन रमावं म्हणून मी पिक्चर सुचवला. हे सगळं माझंच पाप. पिक्चर समुद्रापलीकडच्या त्या दाढीवाल्या, होड्यांतून लुटालूट करत फिरणाऱ्या व्हायकिंग लोकांचा होता, हिंदीत डब केलेला. बापाच्या खुनाचा बदला घेणारा पोरगा, कुऱ्हाडी, बर्फ, रक्त. मी तो दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा माझ्या अंगावर काटा आला होता. आप्पांना मारामारी आवडते, त्यांना नक्की आवडेल, असं मला वाटलं. रविवारी दुपारी कारखाना बंद. मी माझा मोबाइल त्यांच्या टीव्हीला जोडला. आप्पा फरशीवर मांडी घालून बसले. काकू कोपऱ्यात सुरती पापडी सोलत बसल्या. मुलगी दाराला टेकून, पाठ आमच्याकडे करून.

पहिला आक्षेप पहिल्या मिनिटाला आला. "शिंगं कोठे शेत?"

"कुणाची?"

"यास्नी. शेजारना पोऱ्यानी बॅगवर असाच गडी शे. त्याले दोन शिंगं शेत."

मी सांगितलं की खऱ्या व्हायकिंगांना शिंगं नव्हतीच म्हणतात. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की रिजेक्ट ताका मीच. त्या दिवसापासून त्या पिक्चरचं नाव आमच्यात 'शिंगवाला पिक्चर' पडलं, शिंगं नसली तरी.

मग जेवणावळीचा सीन आला. एक सरदार मोठी मेजवानी देतो. मांसाचा पहिला तुकडा मानाच्या पाहुण्याला द्यायची त्यांच्यात रीत. तो तुकडा आपल्या हीरोच्या बापाला न देता तो दुसऱ्याच कुणाला देतो. बाप उठतो, तलवार काढतो, बाचाबाची होते आणि बाप तिथेच मरतो. कोवळा पोरगा टेबलाखालून सगळं बघतो आणि शपथ घेतो.

"बराबर!" आप्पा मांडीवर थाप मारून ओरडले. "बराबर करं पोऱ्यानी! पयला मान त्याना बापनाच व्हता!"

कोपऱ्यात पापडीची एक शेंग जरा जोरात मोडली.

पोरगा मोठा झाला आणि बदला सुरू झाला. आप्पांनी सवयीने खिशातून खडू काढला आणि एक माणूस मेला की फरशीवर एक रेघ ओढायला लागले. मध्येच बोलणं चालू. "इतली थंडी नी छाती उघडी! याले स्वेटर नही का?" रेघ. "अरे, त्याना अंगवरलं कापड हातमागनं शे, पन शिलाई मशीननी देखास!" रेघ, रेघ. एका गावात एकदम अकरा माणसं मेली, तेव्हा त्यांनी मला पिक्चर थांबवायला लावून रेघा पूर्ण केल्या. मी माझ्या आवडत्या सीनसाठी तळमळत बसलो होतो.

"यास्ना दहावं कधी व्हई?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, पिक्चर आहे."

"पिक्चर शे म्हनीसन खांदा बी देवाना नही? एवढा मानसं मरनात, एक बाई रडनी नही. एक जन उना नही, 'काय रे, काय व्हयनं' पुसाले. कसा गाव शे हाऊ?"

पिक्चर अर्धा झाला तोवर एक्केचाळीस रेघा झाल्या होत्या. आप्पा रेघांकडे बघत राहिले. मघाची मांडीवरची थाप आता राहिली नव्हती. "हाऊ याले मारी, मंग त्याना पोऱ्या याले मारी," ते स्वतःशीच म्हणाले. "मशीनना पट्टागत फिरीच राह्यनं. इतला डाग एक ताकामा! रिजेक्ट शे हाई." मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. कापडात काहीतरी मोठं बिघडलेलं सापडलं की ते असं करायचे.

"एक गोट सांग माले. हाऊ पोऱ्याले मामा नही का?"

"काय?"

"मामा! बाप मरना तं मामा ये. पोऱ्याना हात धरी, आपला गाव ली जाई. दूधभाकर खावाडी, शाळामा टाकी. पिक्चर पंधरा मिनिटमा खलास! एक बी मानूस मरावना नही." त्यांचा आवाज चढायला लागला. "पिक्चर लिखनाऱ्यानी मामाच ठेवा नही! मायले भाऊ नही असं कसं व्हई? सगळी चूक तठेच शे. मामा नही तं त्या पोऱ्याना मांगे कोन उभं ऱ्हाई?"

पापडी सोलण्याचा आवाज थांबला.

"मीबी तेच पुशी राह्यनू," काकू म्हणाल्या. "पंधरा दिनपाईन."

टीव्हीवर कुऱ्हाडी चालूच होत्या. दोघं मेले, तिघं मेले. आप्पांचा खडू फरशीवर टेकलेला होता, पण रेघ पुढे सरकली नाही. दाराला टेकलेली मुलगी वळली आणि बापाच्या पाठीकडे बघत राहिली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, त्या तिघांचंही. आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली, की माझं मामापद जातंय.

"गाडी काढ," आप्पा म्हणाले.

चलथाणला पोचेपर्यंत ते माझ्या मागे बसून एकच वाक्य घोकत होते, "माफी नही मांगाव. फक्त तपास करसूत." कारखान्याच्या मळीचा वास लागला तसं त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

मेव्हण्याचं दार उघडं होतं. आत अंगणात एक सहा फुटी, दाढीवाला, उघडाबंब माणूस हातात कोयता घेऊन उभा. मी अर्धा पिक्चर बघून आलेला माणूस, माझी तर बोबडीच वळली. तो माणूस आम्हाला बघून कोयता घेऊनच पुढे धावला आणि आप्पांच्या पायाशी वाकला. तो आपला ऊस सोलत होता.

"दाजी! या, या. वं, पानी आन! दाजी उनात!"

आप्पांनी पाणी घेतलं नाही. खाटेवर बसले आणि म्हणाले, "नऊ वरीस व्हयनात. मन्हं नाव कोनं खादं ते माले देखनं शे. यादी काढ."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. एवढा दांडगा गडी, पण नजर खाली. "ऱ्हाऊ द्या ना, दाजी. जुनी गोट शे. चूक मन्हीच."

"यादी काढ."

मेव्हण्याची बायको नवऱ्याकडे न बघताच आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आली. पिशवीत टॉवेल होता, टोपी होती आणि घडी घातलेला वहीचा कागद होता. नऊ वर्षं या तिन्ही वस्तू एकत्र राहिल्या होत्या.

आप्पांनी कागद उलगडला आणि ट्यूबलाइटकडे धरला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. बोट एकेका नावावरून खाली सरकायला लागलं. सरपंच. पोलीस पाटील. तीन व्याही. बँडवाला. घोडेवाला. मला अक्षर ओळखायला दोन ओळी पुरल्या. टपोरं, सरळ, एकही काना वाकडा नाही. रोज प्रत्येक ताक्याच्या चिठ्ठीवर मी ते बघत होतो. मी मागे सरकलो. बोट शेवटपर्यंत गेलं, परत वर आलं आणि पहिल्या नावावर थांबलं.

"हाई अक्षर..." आप्पा म्हणाले.

यादी आप्पांनीच लिहिली होती. अक्षर चांगलं म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी त्यांनाच बसवलं होतं, आणि नऊ वर्षांच्या रागात ते हे साफ विसरले होते. आणि मानाच्या यादीत स्वतःचं नाव स्वतः कोण लिहितो? मान मागून घेतल्यासारखं दिसतं. ते मेव्हणा घालेल, असं आप्पांना वाटलं. आणि जावयाने लिहिलेल्या यादीची घडी उघडून त्यात आपण हात घालायचा म्हणजे जावयाचा अपमान, असं मेव्हण्याला वाटलं. त्याने घडी तशीच माईकवाल्याच्या हातात दिली. दोघांनीही रीत अगदी चोख पाळली होती.

"तुले कधी समजनं?" आप्पांनी विचारलं.

"त्याच रोज. तुम्ही उठनात तव्हय मी कागद उघाडा."

"मंग सांगं काबर नही?"

मेव्हणा कोयत्याच्या मुठीशी चाळा करत म्हणाला, "जावाईले त्यानी चूक कसी दखाडू, दाजी?"

आप्पांनी खिशातून खडू काढला आणि स्वतःच्या शर्टावर, अगदी छातीवर, फुली मारली. एवढी दाबून मारली की खडू मोडला. एक तुकडा घरंगळत उसाच्या चोयट्यांत गेला. तो उचलायला ते वाकले आणि मग बराच वेळ वर आलेच नाहीत. मी तोंड फिरवलं. मेव्हण्यानेही फिरवलं.

शेवटी त्यांनी टॉवेल मागितला. उजेडाकडे धरला. उंदराने त्याला रुपयाएवढं भोक पाडलं होतं, आणि त्या भोकातून मला आप्पांचा डोळा दिसत होता. मेव्हण्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"पास," आप्पा म्हणाले.

"पन आठे माईक नही, दाजी," मेव्हणा म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खाटेवर चढून उभा राहिला, खाट करकरली, आणि छाती फुगवून त्याने असं नाव पुकारलं की साखर कारखान्याचा भोंगा लाजावा. "नवरीना फुवा! सुरतवाला! यास्ना सत्काऽऽर!" शेजारपाजारचे लोक लग्न कुणाचं म्हणून बघायला बाहेर आले. आप्पांनी डोकं पुढे केलं, टोपी चढली, टॉवेल खांद्यावर पडला. मग त्यांनी पाणी मागितलं आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

लग्नात आप्पांच्या खांद्यावर तोच भोकाचा टॉवेल होता. नव्या कपड्यांवर तो भयंकर दिसत होता, आणि कुणाची काही बोलायची हिंमत नव्हती. यादी त्यांनी लिहू दिली नाही, ती लेकीने लिहिली. माईक मात्र त्यांनी हातात घेतला आणि पहिलं नाव मामाचं पुकारलं. ते म्हणताना त्यांचा आवाज इतका फाटला की माईकवाला बटणं फिरवत बसला. मंगलाष्टकांच्या वेळी मामा सहा फूट उंच, नवरीच्या पाठीशी उभा होता. नवरी मध्येच मान वळवून तो आहे ना हे बघत होती. काकू भावाच्या हाताला धरून उभ्या होत्या. मी मागे पाहुण्यांत उभा राहून पोटभर अक्षता टाकल्या. मामा न होण्याएवढं सुख मला त्या वर्षात दुसरं लाभलं नाही.

पुढच्या रविवारी आप्पांचा फोन आला. "शिंगवाला पिक्चर लई ये. तपास अर्धा राह्यना."

मी गेलो. मेव्हणा आला होता, ऊस घेऊन. लेक-जावई होते. काकू पापडी सोलत होत्या. आप्पांनी नवा खडू काढून ठेवला होता. जेवणावळीचा सीन आला तसं ते गुडघ्यांवर सरकत टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"थांबाड!"

मी थांबवला. पडद्यावर लांबलचक टेबल, मशाली, मांसाचं ताट, पन्नासेक दाढ्या. आप्पांचं बोट एकेका दाढीवरून सरकत गेलं आणि पार कोपऱ्यात, एका खांबाच्या आडोशाला थांबलं. तिथे हीरोचा बाप बसला होता. मी पिक्चर दोनदा बघून मला ते दिसलं नव्हतं.

"हाई देख," आप्पा हळूच म्हणाले. "सोताच मांगे जाईसन बठेल शे. पुढे कसा बसू, कोनीतरी बलाई, म्हनीसन. त्या यजमानले दिसावच नही तो."

त्यांनी टीव्हीच्या काचेवर, बरोबर त्या बापाच्या छातीवर, एक छोटी फुली मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद कर."

"पुढचं बघायचं नाही?"

"पुढे काय शे? चूक सापडनी."

मी पिक्चर बंद केला. मेव्हण्याने उसाचे करवे वाटले. आप्पांनी फरशीकडे बघितलं, खडू खिशात ठेवला आणि ऊस तोंडात घातला. त्या दिवशी त्या पिक्चरमध्ये एकही माणूस मेला नाही.